व्हिक्टोरिया फॉल्सला ऑक्टोबरात, सोबत साबा (सासूबाई) आणि पंधरा वर्षांचा लेक : काय जमेल, काय नाही?

मृदगंध

नमस्कार मंडळी, धागा थोडा लांबतोय, सांभाळून घ्या. आम्ही दीड वर्षापासून जोहान्सबर्गला आहोत आणि नवरोबांचं इथलं काम डिसेंबरात संपतंय, त्यामुळे व्हिक्टोरिया फॉल्स आत्ता नाही तर मग कधीच नाही असं झालंय. लेकाला ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सुट्टी आहे, चार रात्री मिळतील. साबा आलेल्या आहेत, वय ६८, एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. सपाटीवर छान चालतात पण पायऱ्या म्हटलं की गप्प होतात. लेक १५ पूर्ण, पोहतो चांगला, त्याची यादी तयार आहे: बंजी, राफ्टिंग आणि ते डेव्हिल्स पूल, जिथे लोक धबधब्याच्या अगदी काठावर पाण्यात बसून फोटो काढतात. तो फोटो त्याने मला दाखवल्यापासून मला झोप नाही. नवरोबांची यादी एका ओळीची, धबधबा बघायचा आणि झोपायचं.

तर प्रश्न असे. एक, राहायचं कुठे, झाम्बियातल्या लिव्हिंगस्टनला की झिम्बाब्वेतल्या व्हिक्टोरिया फॉल्स गावात? इथला एजंट म्हणतो लिव्हिंगस्टन स्वस्त पडेल, ऑफिसातली एक बाई म्हणते चुकूनही नको. दोन, साबांना नुसतं हॉटेलात बसवून ठेवायचं नाहीये, त्यांच्यासाठी काय? आणि तीन, लेकाच्या यादीतलं मी कशाला हो म्हणू? खरं सांगा, घाबरवू नका. म्हणजे घाबरवायचंच असेल तर आकडे देऊन घाबरवा.

झांबेझीकाठी

मी सहा वर्षं लुसाकाला होतो, फॉल्सला सात वेळा गेलोय, प्रत्येक वेळी कोणीतरी पाहुणे घेऊन, म्हणून जरा अधिकाराने लिहितो. आधी महिना बघा, मग देश. लोक उलटं करतात आणि मग ऑक्टोबरात झाम्बियाच्या बाजूला उभं राहून विचारतात की धबधबा कुठाय.

त्याचं असं आहे की झांबेझीला पाणी येतं ते वर, उत्तर-पश्चिम झाम्बिया आणि अंगोलात पडलेल्या पावसाचं, आणि ते मैदानातून रेंगाळत रेंगाळत खाली येतं. म्हणजे पाऊस संपत आला की इथे पूर चढतो. एप्रिलच्या सुमारास पाणी सगळ्यात जास्त आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात सगळ्यात कमी. पडद्याची रुंदी १७०८ मीटर आणि उंची १०८ मीटर हे आकडे सगळीकडे वाचाल, पण ऑक्टोबरात त्या रुंदीचा मोठा भाग म्हणजे नुसता काळा दगड असतो. आणि तो कोरडा भाग नेमका झाम्बियाकडचा, ईस्टर्न कॅटरॅक्ट. झिम्बाब्वेकडे नदीचं पात्र खोल आहे, त्यामुळे धबधब्याचे तिकडचे भाग, डेव्हिल्स कॅटरॅक्ट आणि मेन फॉल्स, वर्षभर वाहतात.

म्हणून तुमच्यासाठी उत्तर सरळ आहे, राहा झिम्बाब्वेकडे. गाव छोटं, बरंचसं चालत होतं, आणि धबधब्याचं पार्क गावापासून दीडेक किलोमीटरवर. पार्कातली वाट बरीचशी सपाट आणि बांधलेली, मधे मधे बाकं आहेत, साबा आरामात करतील, फक्त सकाळी लवकर जा कारण ऑक्टोबर इथला सगळ्यात तापलेला महिना, पारा ३५च्या वर सहज जातो, तिकडचे जुने लोक त्याला सरळ सुइसाइड मंथ म्हणतात. डेव्हिल्स कॅटरॅक्टपाशी खाली उतरणाऱ्या पायऱ्या लागतात, तिथे साबांनी वरच थांबावं, वरूनही छान दिसतं. आणि अगदी शेवटी डेंजर पॉइंट नावाची जागा आहे, तिथे कठडा नाही, खडक निसरडे, तिथे लेकाचा हात धरा, त्याला कितीही लाज वाटली तरी.

पण एक गंमत. डेव्हिल्स पूल आहे झाम्बियात. आणि ते उघडतं पाणी उतरल्यावरच, साधारण ऑगस्टच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत. म्हणजे लेकाचं नशीब तुमच्या उलट. ज्या महिन्यात बघायला पाणी कमी त्याच महिन्यात करायला सगळं उघडं. राफ्टिंगचंही तेच.

वेल्हाळ

राफ्टिंगबद्दल मी लिहिते कारण मी बुडून आलेय. (आले परत, म्हणून लिहितेय.)

धबधब्याच्या खाली बटोका गॉर्ज आहे, दोन्हीकडे काळ्या बेसॉल्टच्या भिंती, आणि त्यातले रॅपिड्स, म्हणजे खडकांतून उसळणाऱ्या पाण्याचे टप्पे, ग्रेड ५ पर्यंतचे, म्हणजे फारच अवघड. ऑगस्ट ते डिसेंबर पाणी कमी म्हणजे सोपं असेल असं मला वाटलं होतं, तर ते अगदीच उलट निघालं. पाणी कमी असतं तेव्हा दगड वर येतात आणि लाटा उंच, टोकदार होतात, राफ्टिंगवाले म्हणतात हाच खरा सीझन. पाणी खूप असलं की वरचे रॅपिड्स बंद ठेवून खालून सुरू करतात आणि अगदी पुराच्या वेळी सगळंच बंद. नऊ नंबरच्या रॅपिडला कमर्शियल सुइसाइड म्हणतात, तिथे सगळ्यांना उतरवून काठाकाठाने दगडांवरून चालवतात आणि रिकामी बोट गाइड सोडतात. अठरा नंबरला ऑब्लिव्हियन नाव आहे, तिथे आमची बोट अशी उलटली की मी वर कुठे आणि खाली कुठे हेच विसरले. लाइफ जॅकेट आपोआप वर आणतं, पण त्या चार-पाच सेकंदात नाकातोंडात गेलेलं झांबेझीचं पाणी अजून आठवतं, कोमट, आणि मातीची चव. शेजारी कयाकमध्ये (एकट्याच्या छोट्या होडीत) माणूस तयारच होता, त्याने माझं जॅकेट खांद्यापाशी धरून उचललं, मांजरीने पिल्लू उचलावं तसं.

पण सगळ्यात वाईट काय तर बोट नाही, शेवटची चढण. नदी दोनशे मीटर खाली, आणि वर यायचं ते उभ्या दरीतून, लाकडाच्या ओंडक्यांच्या पायऱ्यांनी, भर दुपारी, ओल्या सँडलने. माझी एक सँडल नदीत गेली होती आणि आमच्या कंपनीने बुकिंगच्या वेळी चढणीबद्दल चकार शब्द काढला नव्हता. बुक करताना विचारा बाहेर कसं काढणार, काही ठिकाणी केबल कारने वर आणतात. वयाची अट बहुतेक जण १५ सांगतात, म्हणजे तुमचा लेक काठावर पास.

मी परत करेन का? हो. लगेच.

शंकासूर

बंजीबद्दल कोणी बोलत नाहीये म्हणून मी बोलतो. ही उडी धबधब्याजवळच्या, दोन देशांना जोडणाऱ्या पुलावरून मारतात. २०११च्या ३१ डिसेंबरला याच पुलावर एका ऑस्ट्रेलियन मुलीची दोरी तुटली होती, पाय बांधलेल्या अवस्थेत ती नदीत पडली, खाली मगरी. वाचली ती, पण जबर मार लागला. व्हिडिओ जगभर फिरला होता. मृदगंधताई, तुम्ही आकडे मागितलेत म्हणून सांगतोय, उडी १११ मीटरची आहे. मी माझ्या मुलाला पाठवणार नाही. हेमाशेपो (हे माझं शेवटचं पोस्ट).

झांबेझीकाठी

शंकासूर, घटना खरी आहे, लपवण्यात अर्थ नाही. त्यानंतरही तिथे उड्या चालूच आहेत, मी स्वतः तिथे उभं राहून माणसं रांगेत बघितली आहेत. वजन करतात, आकडा हातावर मार्करने लिहितात, त्यावरून दोरी ठरते. १८च्या खाली पालकांची सही लागते, म्हणजे निर्णय शेवटी मृदगंधताईंचाच, मी त्यात पडत नाही. माझं स्वतःचं मत विचाराल तर मुलगा स्वतःहून म्हणत असेल तरच, आणि पुलावर गेल्यावर नको म्हणाला तर पैसे गेले म्हणून एक अक्षर बोलायचं नाही. माझा भाचा कडेला उभा राहिला, खाली बघितलं, आणि शांतपणे म्हणाला मामा मला भूक लागलीय. आम्ही परत आलो.

बाकी तो पूल उडी न मारताही बघण्यासारखा आहे. १९०५चा, १९८ मीटर लांब, नदीपासून १२८ मीटर वर, लोखंड इंग्लंडात तयार करून इथे आणून जोडलं. इथल्या ब्रिटिश साम्राज्याचा मोठा पुरस्कर्ता सेसिल ऱ्होड्स, त्याला हवं होतं की गाडीच्या डब्यांवर धबधब्याचे तुषार उडावेत, म्हणून जागा इतकी जवळ. तो स्वतः १९०२ मध्येच वारला, धबधबा त्याने कधी पाहिलाच नाही. उद्घाटनाला आलेला जॉर्ज डार्विन, हो, त्याच डार्विनचा मुलगा. आणि १९७५ मध्ये ऱ्होडेशियाचा (म्हणजे तेव्हाच्या झिम्बाब्वेचा) पंतप्रधान इयन स्मिथ आणि स्वातंत्र्यवाल्या नेत्यांची बोलणी याच पुलावर रेल्वेच्या डब्यात झाली, डबा असा उभा केला होता की प्रत्येक बाजू आपापल्या हद्दीत बसेल. साबांना इतिहासाची आवड असेल तर हे त्यांना तिथे उभं करून सांगा. नुसतं पुलावर जायला झाम्बियाचा व्हिसा लागत नाही, झिम्बाब्वेच्या इमिग्रेशनच्या खिडकीत ब्रिज पास मागायचा, कागदाचा चिटोरा देतात, तो परत येईपर्यंत जपायचा.

चिल्लर_पार्टी

वरच्यांना अनुमोदन, मी फक्त पैशांचं आणि माकडांचं लिहितो.

झिम्बाब्वेकडे अमेरिकन डॉलर सर्रास चालतात, पण सुट्टे कोणाकडे नसतात, त्यामुळे एक, पाच आणि दहाच्या नोटा भरपूर न्या, फाटक्या-मळक्या नकोत. माझ्या वेळी पार्कात शिरायला परदेशी माणसाला ५० डॉलर घेतले, चार जणांचे धरून ठेवा. झाम्बियाकडे क्वाचा. व्हिसाचं मात्र जपून: झिम्बाब्वेचा सिंगल एंट्री घेतलात आणि डेव्हिल्स पूलसाठी झाम्बियात गेलात की परत येताना नव्याने व्हिसा, म्हणजे परत पैसे. काझा युनिव्हिसा नावाचा एक आहे, ५० डॉलर, ३० दिवस, दोन्ही देशांत ये-जा आणि बोत्स्वानाची एक दिवसाची चक्कर पण चालते, पण तो सगळ्या पासपोर्टांना मिळत नाही, तेव्हा दोन्ही इमिग्रेशनच्या साइटवर आपल्या पासपोर्टचं नीट बघून मगच विमानाचं तिकीट काढा. एजंटच्या तोंडी शब्दावर जाऊ नका.

पुलाजवळ विक्रेते झिम्बाब्वेच्या जुन्या नोटा विकतात, १०० ट्रिलियन डॉलरची २००९ साली काढलेली नोट, एकावर चौदा शून्यं. खरेदी करा, पण घासाघीस करा, आणि एकाकडून घेतली की बाकीचे वीस जण सोडत नाहीत हे धरून चाला. लाकडात किंवा दगडात कोरलेलं सापाचं शरीर आणि माशाचं डोकं असलेलं लॉकेट दिसेल, तो न्यामिन्यामी, टोंगा लोकांचा नदीचा देव. लेकाला राफ्टिंगच्या आधी गळ्यात घालायला द्या.

बबून. पिशवीत खाऊ आहे हे त्यांना तुमच्या आधी कळतं. पार्कात आणि सीमेच्या रस्त्यावर हातात प्लॅस्टिकची पिशवी धरू नका, दात दाखवून हसू नका. आणि अंधार पडल्यावर गावातही चालत फिरू नका, हत्ती येतात रस्त्यावर. खरंच येतात, गंमत करत नाहीये. टॅक्सी करा. डासांसाठी पण, ऑक्टोबर कोरडा असल्याने पावसाळ्याइतके नसतात तरी मलेरियाचा भाग आहे, गोळ्यांचं डॉक्टरांना आधी विचारा, साबांची बाकीची औषधं सांगून.

सांजवेळ

साबांचा प्रश्न मागेच पडला की! माझी आई ७२ची होती, तिला नेलं होतं, तिचे दोन दिवस सगळ्यात छान गेले.

पहिलं, सनसेट क्रूझ. धबधब्याच्या वरच्या अंगाला नदी इतकी रुंद आणि शांत असते की खाली असं काही आहे यावर विश्वास बसत नाही. सपाट बोट, खुर्च्या, थंड पेय. पाणघोडे नुसते कान आणि डोळे वर काढून बसलेले, मधेच एक जण जांभई देतो तेव्हा सगळी बोट ओरडते. ऑक्टोबरात पाणी कमी म्हणून हत्ती नदी ओलांडून बेटांवर जाताना दिसायची शक्यता चांगली, आम्हाला दिसले, सोंडा वर करून, पिल्लू मधे.

दुसरं, चोबे राष्ट्रीय उद्यान. बोत्स्वानात कसाने गावापर्यंत रस्त्याने दीड-एक तास, मधे सीमा. हत्तींसाठी चोबे म्हणजे पंढरीच, आणि कोरड्या महिन्यांत सगळे कळप नदीवर. सकाळी बोट आणि दुपारी जीप असा दिवस असतो. गुडघ्याचं बघता बोट नक्की घ्या, जीप वाळूत इतकी आदळते की माझ्या आईने दुपारचा भाग सोडून सरळ नदीकाठच्या हॉटेलात बसून वाचन केलं. झिम्बाब्वेतलं ह्वांगे राष्ट्रीय उद्यान पण मोठं आहे, साडेचौदा हजार चौरस किलोमीटरच्या वर, पण चार रात्रींत नको, लांब पडतं.

आणि हेलिकॉप्टर. महाग आहे, बारा-पंधरा मिनिटांत संपतं, आवाजही फार. तरी मी म्हणेन घ्या, आणि तेही ऑक्टोबरातच. कारण वरून पाणी कमी असताना दरीचा आकार कळतो. धबधब्याच्या खाली नदी नागमोडी नाही, अगदी झेड अक्षरासारखी उलटसुलट वळते. दगडातल्या फटींत ठिसूळ माती भरलेली, नदी ती कोरत कोरत मागे सरकत गेली, म्हणजे खालची प्रत्येक दरी ही जुन्या धबधब्याची जागा आहे. पुढची फट पण आत्ताच कोरायला लागलीय, डेव्हिल्स कॅटरॅक्टपाशी. आईने ते बघितल्यावर विचारलं, म्हणजे आपण ज्या वाटेवर काल उभे होतो ती पण जाणार? पायलट म्हणाला, आज नाही मॅडम.

वेल्हाळ

सांजवेळ, चांदण्यातलं इंद्रधनुष्य राहिलं की. पौर्णिमेच्या आसपास पार्क रात्री उघडतात. पण तुषार भरपूर लागतात, जून-जुलैत जास्त छान, ऑक्टोबरात त्यावर पैसे घालवू नका.

मृदगंध

बापरे, किती लिहिलंत सगळ्यांनी. झिम्बाब्वेकडे बुकिंग केलं, व्हिसा दोन्हीकडचा ऑनलाइन. बंजी अजून अधांतरी. शंकासूर, तुमचा प्रतिसाद मी लेकाला वाचायला दिला, तो म्हणाला वाचली ना ती. आता काय बोलणार. डेव्हिल्स पूलला कोणी गेलंय का प्रत्यक्ष?

झांबेझीकाठी

दोनदा. झाम्बियाच्या काठावरून छोट्या मोटरबोटीने लिव्हिंगस्टन आयलंडला नेतात, हे तेच बेट जिथे १६ नोव्हेंबर १८५५ला स्कॉटिश मिशनरी आणि प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन होडीने आला आणि काठावर पोटावर झोपून खाली बघितलं. नाव त्याने राणीचं दिलं, लोक आधीपासून मोसी-ओआ-तुन्या म्हणतच होते, गडगडणारा धूर. तिथून दगडांवरून चालत आणि मग थोडं पोहत, दोरीच्या आधाराने. गाइडशिवाय सोडतच नाहीत. कडेला पाण्याखाली एक दगडी उंबरठा आहे, प्रवाह तुम्हाला त्यावर आणून टेकवतो आणि तिथे थांबवतो. गाइड घोटे धरतो, तुम्ही मान काढून बघता. फोटोत न दिसणारी गोष्ट म्हणजे त्या पाण्यातले छोटे मासे, पोटऱ्यांना सारखे चावतात, आणि तुम्ही जगातल्या एवढ्या मोठ्या कड्यावर बसून मनात म्हणता, हा मासा कोणीतरी बाजूला करा. मुलगा पोहतो म्हणालात ना, मग हरकत नाही, पण तिथे गाइड म्हणेल तेच, पुढचं एक पाऊलही नाही.

मृदगंध

मंडळी, जाऊन आलो! वृत्तांत द्यायला उशीर झाला, सामान बांधायला घेतलंय.

पहिल्या दिवशी पार्क, सकाळी साडेसहाला, साबा सगळी वाट चालल्या, पायऱ्यांपाशी बाकावर बसल्या आणि तिथल्या एका झुपकेदार शेपटीच्या बुशबक हरणाशी अर्धा तास एकटक बघाबघी केली. मेन फॉल्ससमोर ऑक्टोबरातही अंगावर तुषार आले. त्याच्या पुढे मात्र झांबेझीकाठी म्हणाले तसंच, काळा कोरडा कडा आणि पलीकडच्या काठावर मुंगीएवढी माणसं. नवरोबा म्हणाले एवढाच? मग आम्ही डेव्हिल्स कॅटरॅक्टकडे परत आलो, आवाज ऐकला, गप्प बसले.

राफ्टिंगला बाप-लेक दोघे गेले. हो, झोपायला आलेले नवरोबा. केबल कारवालं बुकिंग केलं होतं, वेल्हाळ, तुझे आभार मानावे तेवढे थोडे, कारण बोट दोनदा उलटल्यावर नवरोबांच्याने चढण झाली नसती. डेव्हिल्स पूलला लेक आणि मी. मी पण! मासे चावले. मी त्या उंबरठ्यावर लेकाचा दंड इतका घट्ट धरला की संध्याकाळी त्याच्या दंडावर माझी चार बोटं उठली होती, आणि खाली काय दिसलं ते मला विचाराल तर मी बघितलंच नाही, मी त्याचा दंडच बघत होते.

बंजी. ब्रिज पास घेऊन चौघं पुलावर गेलो. मी सही केली. लेकाचं वजन झालं, हातावर आकडा लिहिला, टॉवेल गुंडाळून पट्टे बांधले, आणि त्याने कडेवरून वळून साबांकडे बघितलं. मला वाटलं आता भूक लागणार. साबांनी नुसती मान हलवली, आणि गेला तो. मी तोंड फिरवलं होतं, साबा शेवटपर्यंत बघत होत्या, वर ओढून आणल्यावर म्हणाल्या दोनदा वर आला, तिसऱ्यांदा जरा कमी. शंकासूर, माफ करा.

साबांनी १०० ट्रिलियनची नोट घेतली, पाच डॉलर म्हणत होता, तीनला दिली, आणि तेव्हापासून पर्समध्ये वरच्या कप्प्यात ठेवलीय, येईल त्याला दाखवतात. चोबेला बोटच केली, हत्ती मोजायचे सोडून दिले. हेलिकॉप्टर मात्र नाही केलं, बजेट संपलं, त्याची जरा चुटपुट आहे. आणि बबूनने नवरोबांची टोपी नेली, खाऊ नव्हे, टोपी. झाडावर बसून त्याने ती उलटीपालटी करून बघितली आणि टाकून दिली, तीही दरीत.

आता घरात वेगळंच सुरू झालंय, लेक आणि साबा दोघंही म्हणतायत की काम संपून परत गेलो तरी एप्रिलात तिकिटं काढून पूर बघायला यायचं. नवरोबा हो म्हणत नाहीयेत पण नाही पण म्हणत नाहीयेत. एप्रिलात रेनकोट कसला लागतो? तिथे भाड्याने देत होते ते पातळ वाटले.

झांबेझीकाठी

रेनकोटाचा उपयोग नाही, एप्रिलात तिथे पाऊस खालून वर येतो. कपड्यांचा दुसरा जोड आणि फोनला वॉटरप्रूफ पिशवी. आणि त्यावेळी झाम्बियाच्या बाजूनेही बघा.